खेळाचा तास परत द्या : खानदेशातल्या शिक्षण संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांचे अध्यक्ष, सचिव आणि संचालक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली आणि माझी मुलगी आठवीचं नवं वेळापत्रक घेऊन घरी आली. त्यात खेळाचा एकही तास नव्हता. आधी जिथे ‘शा. शि.’ लिहिलेलं असायचं, तिथे आता ‘फाउंडेशन’ आहे. म्हणजे नीट आणि जेईईची तयारी, तेराव्या वर्षापासून. पालकांच्या ग्रुपवर आलेल्या सूचनेत म्हटलं होतं की आठवी ते दहावीच्या मुलांचं ‘शैक्षणिक नुकसान टाळण्यासाठी’ हा निर्णय घेतला आहे. मैदानाच्या रस्त्याकडच्या अर्ध्या भागाला पत्रे ठोकलेत. तिथे लग्नाचं लॉन होणार आहे.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. भांडण एका शाळेशी असतं तर ऑफिसात जाऊन भांडलो असतो. पण नातेवाइकांत, ओळखीत, दवाखान्यात येणाऱ्या पेशंटमध्ये ज्याच्याशी बोलावं तो सांगतो, ‘आमच्याकडेही तेच.’ गावागावांत तुम्हाला लोक आप्पासाहेब, नानासाहेब, भाऊसाहेब म्हणतात, लग्नात पहिल्या रांगेत बसवतात. मीही तो मान राखूनच लिहितोय. पण लिहितोय सगळ्यांना दिसेल असं, कारण पालकांनीही ते वाचायला हवं.

मी भुसावळला एक्स-रे काढतो. डॉक्टर नाही. हाडांच्या दवाखान्यात मशीनपाशी उभा राहणारा माणूस आहे आणि मुलांची हाडं रोज पाहतो. खाली लिहिलेलं खरं की खोटं, हे तुमच्या ओळखीच्या कुठल्याही हाडांच्या किंवा बालरोगाच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

लहान मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाजवळ एक आडवी काळी फट दिसते. पालक ती पाहून घाबरतात, त्यांना वाटतं हाड मोडलं. ती असते वाढीची चकती. ती कुर्चेची असते आणि कुर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून तिथे फट दिसते. मुलाची उंची वाढते ती याच जागी. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा या वयात ती बुजते आणि उंची थांबते. उंचीच्या मागोमाग हाडात कॅल्शियम भरण्याचं काम चालू असतं. त्याचा जोर मुलींत साडेबाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. त्या सुमाराच्या दोन वर्षांत, मोठेपणी हाडात जेवढं खनिज असतं त्यातला जवळजवळ पाव हिस्सा भरला जातो. ही वर्षं सातवी, आठवी, नववीची. नेमकी हीच वर्षं तुम्ही मुलांना बाकावर बसवून ठेवायला निवडलीत.

हाड बसल्या बसल्या भरत नाही. त्याच्यावर भार पडावा लागतो, धक्के बसावे लागतात. टेनिस खेळणाऱ्यांच्या दोन्ही हातांची तुलना केलेली आहे. रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भक्कम निघतं, आणि वयात येण्याआधी खेळायला लागलेल्यांत हा फरक कितीतरी मोठा असतो. तेवढाच खेळ मोठेपणी सुरू केला तर तेवढं मिळत नाही. पोहणं, सायकल चालवणं हृदयाला चांगलं, पण हाडाला त्यातून धक्का कमी बसतो. हाडाला हवी लंगडी, दोरीउडी, खो-खो, कबड्डी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी. लंगडीला ना साहित्य लागतं ना फी. कदाचित म्हणूनच तिचं ब्रोशर निघत नाही.

आता माझ्या घरातलं सांगतो.

माझी बहीण चोपडा तालुक्यात राहते. तिचा मुलगा तेरा वर्षांचा. अंगाने भरलेला, आजीचा लाडका, वर्गात ‘ड्रम’ म्हणून चिडवला जाणारा. त्याच्याही शाळेत वरच्या वर्गांचा खेळाचा तास गेलेला. पावसाळ्यात तो लंगडायला लागला. मला फोनवर म्हणाला, “मामा, मना गुडघा दुखस.” गावातल्या माणसाकडून मालीश झालं. मग तालुक्याला एक्स-रे झाला, गुडघ्याचा. गुडघा साफ होता. ‘वाढीचं दुखणं आहे, वजन कमी करा,’ असं सांगून घरी पाठवलं. शाळेत वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिने चढायला उशीर व्हायचा, आणि तो नाटक करतो असं वर्गशिक्षकांचं मत पडलं. एका सकाळी जिन्यातच पाय वळला आणि तो उठू शकला नाही. जीपमध्ये आडवा घालून त्याला आमच्याकडे आणलं.

टेबलावर घेतलं तेव्हा त्याचं पाऊल बाहेर वळलेलं होतं. गुडघा पोटाकडे दुमडायला गेलं की मांडी आपोआप बाहेर फाकत होती. डॉक्टरांनी गुडघ्याला हातही लावला नाही, म्हणाले, “खुब्याचा काढा.” समोरून काढलेल्या फिल्मवर मांडीच्या हाडाच्या मानेची वरची कड धरून एक सरळ रेघ मारतात. ती रेघ खुब्याच्या गोळ्याचा थोडा तुकडा छेदून गेली पाहिजे. भाच्याच्या फिल्मवर ती गोळ्याला न शिवता वरून निघून गेली. गोळा वाढीच्या चकतीवरून मागे आणि खाली घसरला होता.

हा आजार बहुतेक दहा ते सोळा या वयात होतो, आणि वजन जास्त असलेल्या मुलांत फार अधिक. वाढीच्या भरात चकती नाजूक असते, त्यात वरून शरीराचं वजन तिरकं पडतं आणि ती सरकते. काही वेळा थायरॉइडसारख्या हार्मोनचा बिघाडही मागे असतो. यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की दुखणं खुब्यात असतं आणि मूल हात लावून दाखवतं गुडघा, नाहीतर मांडी. कारण मज्जातंतू तेच. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढून मूल घरी जातं आणि घसरलेला गोळा रोज थोडा थोडा आणखी घसरत राहतो. निदान झाल्याक्षणी मुलाचं चालणं बंद करायचं असतं. त्यानंतर एक पाऊलसुद्धा धोक्याचं, कारण एकदम घसरलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो वाळत जातो. भाच्याला नाशिकला नेऊन स्क्रू घातला. गोळा वाचला. पण पाय थोडा आखूड राहिलाय, आणि दुसऱ्या बाजूलाही हे होऊ शकतं म्हणून तो खुबा वाढ संपेपर्यंत नजरेखाली आहे.

लंगडणारं मूल घरच्यांआधी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं? खेळाच्या शिक्षकांच्या. धावायला सांगितल्यावर कोण पाय ओढतंय ते त्यांनाच दिसतं. तुमच्या नव्या वेळापत्रकात ते शिक्षक आता प्रवेश अर्ज तपासतात आणि पोषण आहाराचा हिशेब ठेवतात.

दुसरी तक्रार आरोग्य तपासणीची. भाच्याचं शाळेचं आरोग्य कार्ड मी मागून घेतलं. वजन ६८ किलो, उंची १५० सेंटिमीटर, दोन्ही आकडे व्यवस्थित लिहिलेले. शेऱ्याच्या रकान्यात एवढंच : ‘दात किडले आहेत.’ खाली शिक्का, सही. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं तर बीएमआय तीसच्या वर जातो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वयाचे तक्ते काढलेत. वय आणि मुलगा-मुलगी पाहून त्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. त्यावर जादा वजनाची रेघ प्रौढांच्या बीएमआय २३ ला आणि लठ्ठपणाची २७ ला जुळवलेली आहे. तेरा वर्षांच्या मुलाचा तीसचा ठिपका त्या दोन्ही रेघांच्या पार वर पडतो. आकडे दोघांनी लिहिले, तिसऱ्याने शिक्का मारला, वाचले मात्र कुणीच नाहीत.

आपल्याकडे अजून असं मानलं जातं की अंगाने भरलेलं मूल म्हणजे खात्यापित्या घरचं, मजबूत हाडाचं. मजबूत हा शब्द इथे फसतो. जाड मुलं लवकर उंच होतात हे खरं. अकराव्या वर्षी प्रार्थनेच्या रांगेत ती मागे उभी असतात. त्यांच्या हाडांचं वय खऱ्या वयाच्या पुढे पळत असतं, चरबीतून तयार होणाऱ्या हार्मोनमुळे, शिवाय अंगात इन्सुलिन जास्त असल्यामुळे, अनेक जण लवकर वयात येतात, विशेषतः मुली. पण मग चकत्याही लवकर बुजतात, आणि सोळाव्या वर्षापर्यंत बाकीची मुलं त्यांना गाठतात. हाड आकाराने थोडं मोठं झालेलं असतं, पण वजन जेवढं वाढलं तेवढ्या प्रमाणात नाही. रावेर-यावलच्या केळी लावणाऱ्याला हे सांगायला नको. घड जड लागला आणि झाडाला टेकू नसला की पहिल्याच वावटळीत काय होतं, हे तो दरवर्षी पाहतो. अशी मुलं पडली की जोरात पडतात आणि मनगटाच्या वर हाड मोडून येतात. शिवाय हाडाच्या मगजात चरबी भरत जाते. ज्या मूळ पेशींनी हाड बांधायचं, त्या चरबीच्या पेशी होऊन बसतात. लठ्ठपणामुळे अंगात जी बारीक सूज कायम राहते, तीही हाड झिजवणाऱ्या पेशींना बळ देते. ड जीवनसत्त्व चरबीत अडकून पडतं आणि रक्तात कमी भरतं. काहींच्या पायांना बाक येतो, कारण गुडघ्याखालच्या चकतीची आतली बाजू दाबली जाऊन वाढायची थांबते.

हे वाचून कुणी म्हणेल, ‘आमच्या नंदुरबारला पोरांच्या अंगावर मांस नाही आणि तुम्ही लठ्ठपणाच्या गोष्टी सांगता?’ मुद्दा खोटा नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाचं मोठं सरकारी सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वयाच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के वाळलेली निघाली आणि जादा वजनाची ५ टक्के. पण त्याच सर्वेक्षणात याच वयाच्या सुमारे १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. म्हणजे उंबरठ्यावरची पोरं जाड पोरांच्या दुप्पट. बारीक दिसणाऱ्या मुलातही हा धोका असतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जो अभ्यास चालवला, त्यात जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्रज बाळांपेक्षा बरीच हलकी. स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. अशा कमी वजनाने जन्मलेल्या मुलाला पुढे बैठं आयुष्य आणि पुड्यातलं खाणं मिळालं की मधुमेह लवकर गाठतो. तेव्हा धडगावचं वाळलेलं पोर आणि जळगावचं जाड पोर ही दोन वेगळी दुखणी समजू नका. आश्रमशाळेतून शहरातल्या वसतिगृहात येताना एक दुसऱ्यात बदलतं.

त्याच सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या सुमारे २४ टक्के मुलांत ड जीवनसत्त्व कमी निघालं. मे महिन्यात पंचेचाळीस अंश गाठणाऱ्या आपल्या मुलखातही पोरं दिवसाचं ऊन खिडकीतून बघतात.

तिसरी तक्रार मधुमेही मुलांची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागलेली आहे.

माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगी आहे, लहानपणापासून इन्सुलिनवर. टाइप १ मधुमेह. तो गोड खाऊन होत नाही. शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं. खेळाचे तास होते तेव्हाही ती वर्गात एकटी दप्तरं राखत बसायची. तिच्या वडिलांकडून लिहून घेतलंय की शाळेत काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. दुपारचं इंजेक्शन ती शौचालयात घेते, कारण स्टाफरूममध्ये ‘सुया नकोत’. मुलगी अभ्यासात हुशार आहे आणि कुणाशी फारसं बोलत नाही.

इन्सुलिन साखरेपुरतं नसतं. ते हाडालाही वाढवतं. ते नसलं की वाढीला लागणारा आयजीएफ-१ नावाचा घटक कमी पडतो. साखर चढी राहिली की कॅल्शियम लघवीवाटे जातं. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर उंची खुंटते, वयात येणं लांबतं, आणि मोठेपणी खुब्याचं हाड मोडण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट होतो. आता याची दुसरी बाजू : साखर आटोक्यात राहिली तर ही मुलं इतरांसारखीच वाढतात. म्हणजे ज्या मुलीला धावण्या-उड्या मारण्याची गरज वर्गात सगळ्यात जास्त, तिलाच तुम्ही दप्तरांपाशी बसवलंत. सुई टोचून घेते म्हणून.

तिला खेळवायला काय लागतं? खेळण्याआधी साखर तपासायला दोन मिनिटं. शिक्षकांच्या खिशात ग्लुकोजची पुडी. घाम, थरथर, चिडचिड, भान हरपल्यासारखं दिसलं तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. एवढं एका कागदावर मावतं. सीबीएसईने २०१७ पासून मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवू दिलंय. परीक्षा हॉलमध्ये चालतं ते मैदानावर का चालू नये?

टाइप २, म्हणजे मोठ्यांचा समजला जाणारा मधुमेह, आता किशोरवयातही दिसायला लागलाय. त्याची एक खूण शाळेतही ओळखता येते. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा. आया त्याला मळ समजून दगडाने घासघास घासतात, पोरगी रडते, पट्टा जात नाही. तो मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला जुमानत नाही याची ती खूण असते. या मधुमेहात हाडाची घनता मोजली तर बरी येते, कधी जास्तच. तरी हाड मोडतं. हाडातल्या कोलॅजेनच्या धाग्यांना साखर चिकटून ते ताठर होतात, आणि घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनला ते दिसत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कबूल करायला जड जातं, पण सगळंच काही फिल्मवर येत नाही.

कँटीनबद्दल थोडक्यात, कारण त्यात समजावण्यासारखं काही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. माझ्या मुलीच्या शाळेचं कँटीन आवारातच आहे आणि त्याच्या फ्रिजवर शीतपेयाचा फलक आहे. पाव लिटर कोल्ड्रिंकमध्ये पंचवीस ग्रॅमच्या वर साखर असते. तेरा ते पंधरा वयाच्या मुलाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. त्यातलं या फ्रिजमध्ये एक मिलिग्रॅमही धडपणे सापडायचं नाही. सातपुड्यातली नागली शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास देते, संक्रांतीचा तीळ त्याहून कितीतरी जास्त. ज्वारीची आणि कळण्याची भाकरी उत्तमच, पण कॅल्शियमसाठी तेवढ्यावर विसंबता येत नाही. कँटीनमध्ये नागलीचा लाडू, ताक आणि तिळाची चटणी ठेवली तर भाडं थोडं कमी येईल. येऊ द्या.

तुमची बाजूही मला माहीत आहे. पालकच फाउंडेशन मागतात. हो, मागतात. माझ्या बायकोनेही ग्रुपवर अंगठा दाखवला होता. पण उद्या पालकांनी प्रयोगशाळा बंद करा म्हटलं तर तुम्ही कराल का? वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, लॉनच्या पैशातून शाळेचा खर्च निघतो, हेही ऐकलंय. मग लॉन रविवारी आणि सुट्टीत चालवा आणि पत्रे काढा. ऊन फार असतं, हे तिसरं कारण. मार्च ते जून खेळ सकाळी पहिल्या तासाला ठेवा. दिवाळी ते होळी मात्र मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर सोडा, कारण ड जीवनसत्त्व सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात फारसं बनत नाही. त्याला अकरा ते दोनचं ऊन लागतं, आणि हिवाळ्यात ते सोसवतं.

आता मागण्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी ते दहावीच्या वेळापत्रकात रोज एक खेळाचा तास परत टाका. तो तास मैदानावर व्हावा, शारीरिक शिक्षणाची वही पूर्ण करण्यात जाऊ नये. ज्यांना मैदानी खेळ येत नाहीत त्यांना दोरीउडी द्या, पण बाकावर कुणी नको. मुलींना पाळीच्या नावाखाली सरसकट बसवू नका. तिला नको असेल तर ती सांगेल.

मैदानावर कायमचं बांधकाम करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असलं पाहिजे असं लिहिलेलं आहे आणि आठवीचा वर्ग त्या कायद्यात येतो.

वर्षातून दोनदा वजन-उंची घ्या, पडद्याआड घ्या, आकडा मोठ्याने वाचू नका. वर्गात कुणी ‘ड्रम’ म्हटलं तर ते शिक्षकांनी हसून सोडू नये. मूल त्या शब्दाला भिऊनच मैदान टाळतं. ठिपका तक्त्यावर द्या आणि रेघेच्या वर किंवा फार खाली गेला तर पालकांना पत्र द्या, ओरडा नको. दहा ते सोळा वयाचं मूल लंगडत असेल, किंवा गुडघा-मांडी दुखते म्हणत असेल, तर पत्रात एक ओळ ठळक लिहा : खुब्याचीही तपासणी करून घ्यावी. ती ओळ छापायला एक रुपया लागत नाही.

टाइप १ च्या मुलांकडून ‘जबाबदार नाही’चे कागद घेणं थांबवा, घेतलेले परत करा. इंजेक्शनसाठी स्वच्छ जागा द्या, आणि प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षकांना साखर कमी झाल्यावर काय करायचं ते शिकवा. जिल्ह्याच्या ठिकाणी तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मागितलं तर शिकवायला कुणी ना कुणी येईलच.

कँटीनचा करार पुढच्या वेळी करताना ५० मीटरचा नियम त्यात लिहून घ्या. तोवर तो फ्रिज तरी हलवा.

फाउंडेशनच्या वर्गाला माझा विरोध नाही. माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचंय, तीही त्या वर्गात बसते. तो वर्ग शाळा सुटल्यावर घ्या, किंवा खेळाऐवजी दुसरा कुठला तास सापडतो का ते बघा. परिपाठानंतरची भाषणं आणि पाहुण्यांचे सत्कार यांतच आठवड्याला एक-दोन तास निघतील, असा माझा अंदाज आहे.

हे पत्र मी माझ्या मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाकडे आणि बहिणीच्या गावच्या शाळेकडे लेखी दिलंय, पोच घेतली आहे. दिवाळीआधीच्या पालकसभेत ते विषयपत्रिकेवर घ्यावं असा अर्ज जोडलाय. कुठल्याही संस्थेला सभेत दाखवायला एक्स-रे हवे असतील तर नावं झाकलेल्या फिल्म आणि व्ह्यू बॉक्स घेऊन मी रविवारी येईन, जाण्या-येण्याचा खर्च माझा. लेखी उत्तर आलं तर ते जसंच्या तसं याच पत्राखाली टाकीन.

आपला,
एक पालक आणि एक्स-रे तंत्रज्ञ,
भुसावळ